बसण्याचा सराव

फेब्रुवारीत सरोवर गोठलेलं, क्षितिजापर्यंत.
रस्त्यावर मीठ, आणि मिठाला पत्र्याची भूक.
म्हणून मार्लिस गॅरेजमध्ये बसते,
स्टँडवर चढवलेल्या स्कूटरवर,
इंजिन बंद, हेल्मेट डोक्यात,
रोज चार तास. रविवारी सहा.

"चालवता मला येतंच," म्हणते,
"बसता आलं पाहिजे."

जूनमध्ये ती इथून, डुलूथहून, निघणार
नकाशाच्या वरच्या कडेनं, सरळ पश्चिमेला,
खारं पाणी लागेपर्यंत.
सतराशे मैल, चार दिवस,
एकशे पंचवीस सीसी, दहा इंची चाकं.
आमच्या बर्फ ढकलायच्या यंत्राचीही चाकं मोठी आहेत याहून.
हे मी एकदा बोललो. पुन्हा नाही.

वजन करणं माझ्याकडे.
स्वयंपाकघरातल्या काट्यानं जानेवारीपासून पीठ पाहिलेलं नाही.
क्लचची केबल, गियरच्या दोन,
सहा स्पार्क प्लग, एकेक मोज्यात घालून
(मोजे तसेही न्यायचेच).
दात घासायचा ब्रश मी मधोमध कापला;
उरलेला दांडा खिडकीत पडून आहे, टाकवत नाही.
आईचं प्रार्थनेचं पुस्तक तिनं काट्यावर ठेवलं,
आकडा वाचला, परत फळीवर ठेवलं.
नऊ औंस.
देव माझ्यासोबत घरी थांबेल.

रात्री तोइवो येतो, शेजारचा,
कागदाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला.
माणसांचं त्याला ऐकू येत नाही,
कार्ब्युरेटरचं सगळं येतं.
"डोंगरात हवा पातळ. तिथं लहान जेट लाव.
बोटं गारठलेली असतील, उजेड नसेल,
आंधळेपणानं जमलं पाहिजे."
मग मार्लिसच्या डोळ्यांवर ताटं पुसायचं फडकं,
माझ्या हातात घड्याळ.
चौदा मिनिटं. अकरा. साडेनऊ.
एकदा तो पितळी दाणा सुटला
आणि तीन म्हातारी माणसं टॉर्च घेऊन फरशीवर रांगली.
सापडला तोइवोच्या पँटच्या दुमडीत,
तोही दुसऱ्या दिवशी, त्याच्या घरी.

मागची सीट काढायची होती,
तिथं पेट्रोलचा डबा बसणार.
बोल्ट गंजलेला. तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं.
सकाळी तो इतका सहज निघाला
की मला जरा लागलंच.
सीट सात पौंड भरली.
"आणि तुझे?" तिनं विचारलं.
सांगितले नाहीत.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
मी दवाखान्यात यंत्राला जोडलेला असतो,
चार तास, पाच वर्षं झाली.
तेव्हा या विषयात घरातला जाणकार मी.
तिला सांगतो:
बूड बधिर व्हायच्या आधी हलव, नंतर नाही.
बुटातल्या बुटात बोटं मोज.
पहिला तास खोटं बोलतो, तिसरा खरं.
घड्याळाकडे बघू नकोस,
ते तुझ्याकडे बघायला लागतं.

ती बसते, मी स्टुलावर, नकाशा गुडघ्यांवर.
गावं वाचतो: रग्बी. मायनॉट. विलिस्टन.
वुल्फ पॉइंट. ग्लासगो. हॅव्हर.
मधलं काही वाचायला नसतं, म्हणून तेवढा वेळ गप्प राहतो.
"वारा?" ती विचारते.
"डावीकडून. जोराचा."
आणि ती डावीकडे झुकते,
बंद दाराच्या गॅरेजमध्ये, बंद स्कूटरवर,
अगदी थोडी.
बघतो तर
मीही.

एप्रिलच्या शेवटी बर्फ फुटलं, पावसानं मीठ धुतलं.
पहिल्या कोरड्या दिवशी किक. चौथ्या किकेला निळा धूर.
पोस्टापर्यंत जाऊन येते म्हणाली.
टेकडीचा चढ तिनं दुसऱ्या गियरमध्ये घेतला,
हिरवं जाकीट वळणावर दिसेनासं झालं,
आवाज बारीक होत गेला, मग संपला.

तोइवो माझ्याशेजारी उभा, मान किंचित वाकडी.
मी त्याच्या कानाशी ओरडलो: "येतोय का ऐकू?"
त्यानं हात वर केला, थांब म्हणून.

"अजून येतोय," म्हणाला.